अर्थ पकडत नाही

नवा स्टिरिओ बसवून आठवडा झाला.
पडदा उजळतो, गाण्याचं नाव येतं,
पट्ट्या वरखाली नाचतात
आणि आवाज नाही.
मधूनच येतो, तेव्हा त्याच्या पाठीमागून एक बारीक शिट्टी.
ॲक्सिलरेटर दाबला की चढते,
सिग्नलला थांबलं की उतरते,
इंजिनच साथीला बसल्यासारखी,
न बोलावता.

ज्याने बसवला तो म्हणाला, स्टिरिओ उत्तम आहे.
कंपनीचा माणूस म्हणाला, आमचा ॲम्प्लिफायर उत्तम आहे.
दोघंही खरं बोलत होते.
मी सेशन्स कोर्टात दुभाषी आहे,
असे साक्षीदार रोज बघते.

म्हणून शनिवारी कुर्ल्याला, सीएसटी रोडवर,
दस्तगीर परकारांकडे.
दुकान म्हणजे एक शटर, एक प्लास्टिकचं स्टूल
आणि खिळ्यांना लटकलेल्या वायरी, गजऱ्यांसारख्या.
परकार मूळचे दापोलीचे.
त्यांनी आधी काहीच उघडलं नाही.
गाडी चालू, बंद. चालू, बंद.
फणस पिकलाय का बघावा
तशा डॅशबोर्डवर टिचक्या.

मग फ्रेम उपसली. स्टिरिओ मांडीवर घेतला.
मागून निघालेल्या गुंत्यातली
एक निळी-पांढरी वायर चिमटीत धरून म्हणाले,
"ही जोडलेलीच नाही. नुसती टेकवलीय.
खड्डा आला की लागते, खड्डा आला की सुटते."

सीटखाली कंपनीचा ॲम्प्लिफायर आहे,
जुन्या वळणाचा.
कुणी ऊठ म्हटल्याशिवाय उठत नाही.
जुन्या स्टिरिओची आणि त्याची बोली एक होती.
नवा परक्या गावचा.
या निळ्या वायरीतून बारा व्होल्ट,
एवढाच निरोप होता,
तो कुणी नीट पोचवला नाही.

मला तो आरोपी आठवला
जो नाव तीनदा पुकारूनही बाकावर बसून राहिला.
कागदावर त्याचं नाव
त्याच्या आईने हाक मारायचं नाव नव्हतं.

सोल्डरचा धूर, राळेचा वास.
चारही दारांतून एकदम गाणं आलं.
आणि शिट्टीही.

"आता अर्थ बघू," परकार म्हणाले.
मी हसले. ते नाही हसले.
अर्थ म्हणजे काळी वायर,
गाडीच्या अंगाला बांधलेली.
"स्टिरिओचा अर्थ इथे, डॅशबोर्डमागे.
ॲम्प्लिफायरचा तिथे, सीटखाली.
एका गाडीत दोन अर्थ झाले
की मधल्या फरकात इंजिन गुणगुणतं."

मीटर लावला. काटा शून्यावर यायला हवा होता,
जवळ आला, बसेना.

सीटखालचा बोल्ट खोलला.
खाली रंग, कंपनीचा, राखाडी, चकचकीत.
वर माहीमच्या खाऱ्या हवेचा गंज.
"रंगाला बांधलाय हो!
रंग काय पकडणार? अर्थ लोखंडाला लागतो."
आणि पॉलिशपेपर घेऊन घासत बसले,
नखाएवढी जागा, अगदी उघडी होईपर्यंत.
दोन्ही काळ्या वायरी तिथेच आणून आवळल्या.

बावीस वर्षं मी एकाचं बोलणं
दुसऱ्याच्या भाषेत नेते.
शपथेवर.
किती वेळा रंगालाच बांधलंय
कोण मोजणार.

चावी फिरवली. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला.
इंजिन इंजिनच्या जागी,
गाणं गाण्याच्या.
मागचं डावं दार मात्र अजून खरखरतं.
"कोन फाटलाय. पुढच्या महिन्यात या,
घाई नाही, असाही चालेल."

पावतीवर बॉलपेनने, तिरकं:
कपलर साडेतीनशे.
निळी वायर, मजुरीसह, शंभर.
अर्थ साफ केला, दीडशे.

सहाशे सुटे निघाले पर्समधून.
पावती मी फायलीत ठेवलीय,
सोमवारच्या कागदांवर.